एका नंबरावर तीन पेशंट

आमच्या धंद्यात शून्य मिळालं की काम फत्ते. चाचण्या संपल्या की कॉम्प्युटर शेवटी एक आकडा सांगतो. शून्य आलं तर सगळं ठीक, दुसरा कुठलाही आकडा आला तर कुठंतरी बिघाड. नोकरीला लागले तेव्हा मी मोठ्या आनंदानं आईला फोन केला, "आई, आज शून्य आलं!"

आई तेव्हा हदगाव तालुक्यातल्या आमच्या गावी अंगणवाडीत मदतनीस होती. तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "असू दे माय. पुढच्या बारीला होशील पास. साहेब लई बोलला का?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. गावच्या विहारात ट्यूबलाइट होती, तिच्याखाली बसून मी बारावी काढली आणि नांदेडला जाऊन कॉम्प्युटरची पदवी घेतली. हे मी मिरवते. मिरवण्यासारखं आहे म्हणून मिरवते. पण पदवी घेऊन मी नेमकं करते काय, हे घरच्यांना समजावता समजावता माझे केस पिकायला लागले. तर या विशेषांकाच्या निमित्तानं आधी तेवढं सांगून टाकते.

तहसील कचेरीतली खिडकी डोळ्यांपुढे आणा. तुम्ही बाहेरून कागद सरकवता. आत कोण बसलंय, कुठल्या कपाटात काय ठेवलंय, तुम्हाला दिसत नाही. आतून उत्तर येतं: झालं, नाही झालं, नाहीतर उद्या या. तुमच्या मोबाईलमधलं अॅप आणि दूर कुठंतरी साठवलेली माहिती यांच्या मधेही अशाच खिडक्या असतात. त्यांना एपीआय म्हणतात. त्या खिडक्यांतून बरेवाईट कागद सरकवत राहणं हे माझं काम. नीट कागद दिला तर नीट उत्तर आलं पाहिजे. अर्धवट किंवा दुसऱ्याच्याच नावाचा कागद दिला तर आतल्यानं तो पकडला पाहिजे, शिक्का ठोकून मोकळं होता कामा नये.

सुरुवातीला हे सगळं मी हातानं करायची. एक खिडकी, एक कागद, माउसची टिचकी, उत्तर वाचायचं, पुढची खिडकी. दुपारपर्यंत डोकं भणभणायचं आणि तेवढ्यात कुणीतरी प्रोग्राममध्ये बदल केलेला असायचा, की पुन्हा पहिल्यापासून. नांदेडच्या त्या पहिल्या ऑफिसात एका सिनियर मॅडमनी मला काळी स्क्रीन दाखवली. तिथं चित्र नाही, बटण नाही. एक ओळ टाईप करायची आणि एंटर दाबायचं. मग कॉम्प्युटर स्वतःच खिडकी खिडकी फिरतो, कागद सरकवतो, उत्तरं तपासतो. अक्षरं सरसर वर सरकत जातात आणि चहा निवायच्या आत सगळं आटोपतं. पुढे पुढे तर एंटरही मी दाबत नाही. कुणी प्रोग्रामला हात लावला की ती ओळ आपोआप चालते. शून्य आलं तर बदल पुढे जातो, नाही आलं तर तिथंच अडतो.

मात्र कुठले कागद सरकवायचे हे माणसानंच ठरवावं लागतं. ते मला हदगावच्या एका बी-बियाण्याच्या दुकानदारकाकांनी शिकवलं. त्यांना आम्ही विक्रीचा प्रोग्राम करून दिला होता. एक दिवस बघते तर त्यांनी एका गिऱ्हाइकाला सोयाबीनच्या उणे पाच पिशव्या विकलेल्या. प्रोग्रामनं मुकाट्यानं गोदामात पाच पिशव्या वाढवल्या आणि वर 'धन्यवाद, पुन्हा या' अशी पावतीही काढली.

"काका, उणे पिशव्या कशा विकल्या हो?"

"विकल्या न्हाईत ताई, परत घेऊन राहिलो. तुमच्या मशीनीत परतीचं बटन कुठाय?"

नव्हतं. आम्ही कुणी ठेवलंच नव्हतं. तेव्हापासून चाचणी लिहायच्या आधी मी जिथं तो प्रोग्राम वापरणार तिथं एक चक्कर मारून येते. टेबलाशेजारी बसते आणि बघते. ऑफिसात यावर पुष्कळ विनोद झाले. "सुजाताताई फिरायला निघाल्या" म्हणायचे. म्हणोत.

पुढे लग्नानंतर मी लातूरला आले आणि बिराजदार सरांच्या कंपनीत लागले. कंपनी कसली, दोन खोल्या आणि आम्ही मूठभर माणसं. सर दिलदार माणूस, पण कुणालाही 'नाही' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी औसा रस्त्यावरच्या एका डायलिसिस केंद्राचं काम घेतलं. केंद्राचं नाव इथं देत नाही, गरजही नाही.

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांच्यासाठी सांगते. किडनी बंद पडलेल्या माणसाचं रक्त आठवड्याच्या ठरल्या वारी मशीनवर धुऊन घ्यावं लागतं. एक वेळ चुकली तर अंगात पाणी साठतं, धाप लागते, कधी जिवावर बेततं. केंद्रात खुर्च्या मोजक्या आणि वाट बघणारे पुष्कळ. म्हणून केंद्राच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुणी वेळ रद्द केली की रिकामी खुर्ची तत्काळ वाट बघणाऱ्याला गेली पाहिजे, त्यात माणसानं मधे पडायला नको. प्रोग्राम लिहिला प्रणवनं. हा लातूरचाच मुलगा, पुण्यात शिकून परत आलेला, हुशार आणि हात अतिशय चपळ. त्यानं रद्द करण्याची खिडकी सोपी ठेवली होती. मोबाईल नंबर द्यायचा, त्या नंबरावरची वेळ रद्द.

मी नेहमीप्रमाणे चक्कर मारायला गेले. नोंदणीच्या टेबलावर शेळके सिस्टर होत्या. त्या नव्या प्रोग्रामसाठी पेशंटांची माहिती भरून घेत होत्या. दारात एक जीप थांबली आणि तिच्यातून तीन पेशंट उतरले. म्हाताऱ्या सोजरबाई, नागनाथअप्पा आणि अमोल नावाचा एक तरुण. गावं वेगवेगळी, जीप एक. मागून ड्रायव्हर खाजाभाई सोजरबाईंची पिशवी घेऊन आत आले.

"मावशी, मोबाईल नंबर सांगा," सिस्टर म्हणाल्या.

"मला काय मालूम बाई? खाजाला इचार."

"लिवा सिस्टर, माझाच लिवा," खाजाभाई म्हणाले.

"आणि अप्पांचा?"

"त्यो बी माझाच."

"अमोल, तुझा तरी हाय ना रे? दिवसभर खेळत असतोस त्याच्यावर."

अमोल हसला. "खाजाभाईचाच टाका सिस्टर. मी झोपलो की फोन उचलत न्हाई."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "खाजाभाई, तीन पेशंट तुमच्या एका नंबरावर. तुमच्या स्वतःच्या किडन्या तरी शाबूत हायत का?"

"माझं सोडा. जीप फार खराब हाय, धूर सोडायलीय. तिला लावा एक दिवस मशीनीवर."

अप्पांना हसता हसता खोकला आला. मी खाजाभाईंना विचारलं, असं का? प्रत्येकाच्या घरी एखादा तरी फोन असेलच की. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ताई, टाइम पेशंटला कळून काय फायदा? जीपला कळाया पाहिजे. फोन मला येतोय, मी तिघाच्या घरी सांगतोय. कुणाची तबियत बिघडली तर त्याचे घरचे मला सांगतेत, मी इथं सांगतोय. इंतजाम असा हाय."

मी तिथंच विचारून घेतलं. औशाकडून येणारी दुसरी जीप, निलंग्याकडून येणारी तिसरी, सगळीकडं हाच इंतजाम. आणि तो उत्तम होता. इतकी वर्षं त्यावर एकही माणूस चुकला नव्हता.

ऑफिसात येऊन मी चाचणी लिहिली. तीन पेशंट, एक नंबर. एकाची वेळ रद्द करायची आणि मग विचारायचं, उरलेल्या दोघांच्या वेळा आहेत का? ओळ चालवली. उत्तर लाल, म्हणजे नापास. तिन्ही वेळा गेल्या होत्या, आणि तिन्ही खुर्च्या वाट बघणाऱ्यांना वाटूनही झाल्या होत्या. म्हणजे अप्पांना ताप आला म्हणून खाजाभाईंनी फोन करायचा, आणि सोजरबाईंनी जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत केंद्रात यावं तर त्यांच्या खुर्चीत दुसरं माणूस.

मी प्रणवला बोलावून दाखवलं.

"असं कोण करतं, ताई?"

"आपली माणसं करतात."

"मग त्यांना सांगा ना, आपापला नंबर द्या. प्रोग्राम कसा वापरायचा ते त्यांनी शिकायला नको?"

"सोजरबाईंकडं फोनच नाही."

"अपवाद आहे तो."

"अपवाद नाही रे. तू जे धरून चाललायस तो अपवाद आहे."

तो चिडला, पण त्याचंही खोटं नव्हतं. दुरुस्ती म्हणजे प्रत्येक पेशंटला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचा आणि मोबाईल नंबर फक्त फोन करण्यापुरता ठेवायचा. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक खिडकी उघडून पुन्हा बसवावी लागणार होती. आणि नव्या प्रोग्रामचं उद्घाटन तोंडावर आलेलं. पाहुणे ठरलेले, पत्रिका छापलेल्या. डॉक्टरांनी तर रस्त्यावर बॅनरही लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आले तर चाचण्यांचा निकाल दाखवणाऱ्या स्क्रीनवरच्या पाटीवर हिरवा दिवा, म्हणजे सगळं पास. मला आधी बरंच वाटलं. पोरानं मनावर घेतलं म्हणायचं. पण काळ्या स्क्रीनवर वाढलेल्या माणसाला एक खोड असते, तो नुसत्या दिव्यावर भागवत नाही, खालचा मजकूर शेवटपर्यंत वाचतो. मजकुरात माझी ती चाचणी तशीच नापास होती. खाली नापास आणि वर हिरवा दिवा!

मग मी ओळच उघडली. ओळीच्या शेवटी एक शेपूट चिकटवलेलं होतं: दोन उभ्या रेषा आणि पुढे एक छोटा शब्द, ट्रू. त्याचा अर्थ असा की, आधीचं काम फसलं तरी फसलं नाही असं म्हण. काहीही होवो, शून्यच सांग. आमच्या धंद्यातल्या घाईच्या माणसाला ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. माझा चौकीदार जागेवर उभा होता, शिट्टीही मारत होता, फक्त फाटकाला कडी नव्हती.

"प्रणव, हे शेपूट?"

"मीच लावलं," तो म्हणाला. त्यानं लपवाछपवी केली नाही, हे मी आजही त्याच्या बाजूनं सांगते. "एका चाचणीसाठी सगळं अडलं होतं. उद्घाटन होऊ द्या, मग काढू."

"तोपर्यंत सोजरबाई?"

"सोजरबाई, सोजरबाई! तुमच्या नात्यातल्या आहेत का त्या?"

मी पुढे झाले. खुर्चीवर बसले, ते शेपूट पुसलं आणि बदल जतन केला. चहा यायच्या आत पाटी लाल झाली आणि केंद्राकडं जाणारं सगळं काम जागच्या जागी थांबलं. प्रणव उठून तडक सरांच्या खोलीत गेला. काचेच्या दारातून मला त्याचे हातवारे दिसत होते. घराचा अर्धा भार माझ्या पगारावर होता, आणि लातुरात हे काम करणाऱ्या दुसऱ्या कंपन्या किती असणार? पण ते शेपूट मी परत लावणार नव्हते. एवढं मात्र पक्कं होतं.

सर बाहेर आले.

"सुजाता, तू कामाला कुणाच्या हायस? माझ्या का त्या काळ्या स्क्रीनच्या?"

"सर, पगार तुमचा खाते म्हणून तर सांगायलेय."

"अगं मंडप लागायलाय तिकडं! डॉक्टरला मी काय तोंड दाखवू?"

"मंडप लागू द्या. फीत कापू द्या. फक्त प्रोग्राम चालू करू नका."

"एका जीपवाल्यासाठी?"

मी त्यांना माझ्या शेजारची खुर्ची ओढून दिली. "सर, एक विचारू? तुमच्या आईंच्या बँकेत मोबाईल नंबर कुणाचा आहे?"

"माझा."

"गावाकडच्या काकांच्या गॅसला?"

"माझाच. त्यांना कुठं कळतंय." सर थांबले. "मावशीच्या पेन्शनला बी माझाच हाय."

"आता असं समजा, काका म्हणाले माझा सिलेंडर नको, आणि बँकेनं आईंचं खातं बंद केलं."

मी ओळ चालवली. सरांच्या डोळ्यांसमोर तीन नावं भरली गेली, एक रद्द झालं, आणि खाली उत्तर आलं: या नंबरावर कुणाचीही वेळ नाही. सर चष्मा वर करून ते उत्तर बघत राहिले. मागं प्रणव उभा होता. तो पुटपुटला, "आजोबांच्या दवाखान्याचे मेसेज माझ्यावर येतात." कुणालाच उद्देशून नाही, असाच.

"किती दिवस लागतील?" सरांनी त्याला विचारलं.

"सांगता येत नाही सर. सगळं उकलावं लागेल."

सर उठले. "उकल मग. मी डॉक्टरला सांगतो." आणि त्यांनी आमच्यासमोरच फोन लावला. ज्यांना 'नाही' म्हणणं जिवावर यायचं त्या माणसानं त्या दिवशी उभ्यानं बोलणी खाल्ली. फोन कानापासून लांब धरावा लागत होता, इतका डॉक्टरांचा आवाज येत होता. सर मात्र परत परत एकच म्हणत होते, "साहेब, फीत तुम्ही कापा. प्रोग्राम मी म्हणेन तेव्हा चालू करायचा."

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी फीत कापली आणि डिजिटल युगावर भाषण केलं. मी मागच्या रांगेत होते. पाहुणे कॉम्प्युटरचं महत्त्व सांगत होते आणि टेबलामागं शेळके सिस्टर मांडीवर जुनी वही ठेवून दुसऱ्या दिवशीच्या वेळा लिहीत होत्या. मला हसू आवरेना. सरांनी माझ्याकडं असं बघितलं की ते आवरलं.

या हट्टाची किंमत मोजावी लागली, तेही लिहायला पाहिजे. डॉक्टरांनी त्यांच्या लॅबचं पुढचं काम दुसऱ्या कंपनीला दिलं. सर मला त्यावरून एका शब्दानं बोलले नाहीत, पण ते काम त्यांना हवं होतं हे मला माहीत आहे. प्रणवनं दुरुस्ती केली आणि अतिशय नेटकी केली. दिवसेंदिवस माझ्याशी न बोलता तो खिडकीमागून खिडकी उघडत गेला. पुढे तो पुण्याला गेला. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही घेतला, सगळ्यांचा घेतला तसाच. इतक्या वर्षांत इतक्या तयारीचा मुलगा माझ्याजवळ बसला नव्हता. वाद न घालता, त्याला एकदा नुसतं टेबलाशेजारी बसवायला केंद्रात नेलं असतं तर? हा विचार मला अधूनमधून टोचतो. शेपूट पुसल्याचा मात्र एकदाही टोचलेला नाही. नंतर मी सरांकडून एक नियम करून घेतला: ती ओळ ज्या फाइलमध्ये असते तिला हात लावायचा तर दोघांचा होकार लागेल. खुद्द सरांनाही त्यातून सूट नाही.

प्रोग्राम चालू झाल्यावर काही महिन्यांनी सिस्टरची कसलीशी तक्रार आली म्हणून मी केंद्रात गेले होते. लॅपटॉप उघडून त्यांच्या शेजारी बसले तोच टेबलावरचा फोन वाजला. पलीकडं खाजाभाई होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, मागं जीपचं इंजिन.

"सिस्टर, अप्पाला रातच्यान ताप हाय. लातूरला दवाखान्यात घेऊन गेलेत पोरं. अप्पाची बारी काढा. बाकीचे दोघं घेऊन निघालोय मी."

"हाव, काढते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी नंबर टाकला. स्क्रीनवर तीन नावं आली. त्यांनी अप्पांच्या नावावर बोट ठेवून ते रद्द केलं.

मी श्वास रोखून बघत होते, हे कबूल करते. ही चाचणी आजवर कोण जाणे किती वेळा चालली असेल, पण ती माझ्या काळ्या स्क्रीनवर. अप्पांचं नाव गेलं. त्यांच्या खुर्चीसाठी वाट बघणाऱ्या एकाला आपोआप निरोप गेला. सोजरबाई जागेवर होत्या, अमोल जागेवर होता. सिस्टर तोपर्यंत दुसरा फोन उचलून बोलायलाही लागल्या होत्या. त्यांच्या दृष्टीनं काहीच घडलं नव्हतं.

जीप आली. सोजरबाई खाजाभाईंच्या हाताला धरून आत आल्या. पाय सुजलेले, धाप लागलेली. टेबलाशी थांबून त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं.

"तू कोण गं? नवीन पेशंट हायस का?"

"नाही मावशी. मी कॉम्प्युटरचं बघते."

"बघ मग नीट. आन माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला देऊ नको बाई, पंख्याखालची हाय."

"नाही देणार."

त्या आत गेल्या. काचेतून मला दिसत होतं: त्या पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या, आतल्या सिस्टरनं हाताला सुया लावल्या, मशीन सुरू झालं. थोड्याच वेळात त्यांची मान एका बाजूला कलली आणि त्यांना झोप लागली. मी लॅपटॉपकडं वळले. शेळके सिस्टरची ती तक्रार अजून बघायची राहिली होती.